प्रल्हादाची गोष्ट सांगून झाल्यावर

होळीला दोन दिवस होते. आमच्या कळंबच्या घरी, ओसरीवर, संध्याकाळी जमणाऱ्या मुलांना मी प्रल्हादाची गोष्ट सांगत होते. गोष्ट छान रंगली. होलिका जळाली आणि प्रल्हाद हसत बाहेर आला, तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. मी पाणी आणायला आत वळले आणि देवघरातून किंकाळी ऐकू आली. सहा वर्षांचा एक मुलगा समईपाशी बोट तोंडात घालून रडत उभा होता. जवळ घेतलं तर हुंदके देत म्हणाला, "बाई, मी नारायण नारायण म्हटलं होतं. तरी कामून पोयलं?"

बोट दोन दिवसांत बरं झालं. त्याचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. बत्तीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं. ही गोष्ट दरवर्षी सांगितली, पण सहा वर्षांचं मूल ती कशी ऐकतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. त्या होळीपासून माझा गोष्टींचा वर्ग बदलला. आगीची गोष्ट सांगून झाली की आम्ही सगळे उठतो आणि घरातून फेरी मारतो. शेगडी बघतो, देवघर बघतो, कापसाची खोली बघतो, मागचं दार उघडून बघतो. याला आता नऊ वर्षं झाली. या काळात मला जे उमगलं, ते लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरासाठी इथे लिहिते आहे.

१. चमत्कार सांगितला, की त्याच बैठकीत त्याची मर्यादाही सांगायची

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनात गोष्टीतलं घर आणि आपलं घर यांच्यामध्ये भिंत नसते. प्रल्हाद जळला नाही, म्हणजे मीही जळणार नाही, हा हिशेब त्याच्या परीने बरोबर असतो. चूक सांगणाऱ्याची असते, कारण आपण अर्धीच गोष्ट सांगतो.

आता मी दोन गोष्टी मुद्दाम सांगते. पहिली ही, की प्रल्हाद स्वतःहून आगीत गेला नव्हता. त्याला बळजबरीने मांडीवर घेऊन बसवलं होतं. देवाची परीक्षा पाहायला त्याने ज्योतीत बोट घातलं नाही. दुसरी गोष्ट होलिकेची. "मला आग काही करत नाही" अशी खात्री त्या चितेवर एकाच व्यक्तीला होती, आणि तीच जळाली. हे सांगितलं की मुलं क्षणभर गप्प होतात. त्या शांततेतच शिकवण रुजते.

माझ्याकडे सगळ्या घरांतली मुलं येतात. एका मुलीने तिच्या अम्मीकडून ऐकलेली हजरत इब्राहीमची गोष्ट सांगितली. नमरूदने त्यांना आगीत टाकलं आणि अल्लाहच्या हुकमाने आग थंड झाली. बायबलमध्ये दानीएलच्या पुस्तकात तीन तरुण धगधगत्या भट्टीतून सुखरूप बाहेर येतात. अनेक धर्मांत अशी गोष्ट आहे आणि ती श्रद्धेची आहे, तेव्हा ती जरूर सांगावी. पण या सगळ्यांना आगीत दुसऱ्या कुणीतरी टाकलं होतं. त्यांच्यापैकी एकही जण आगीशी खेळायला गेला नव्हता, एवढं वाक्य शेवटी जोडायला कुठल्याही घराची हरकत नसावी.

२. अग्नीला राक्षस म्हणू नये, पाहुणा म्हणावं

पूर्वी मी मुलांना भीती घालायची. "काडेपेटीला हात लावलास तर बघ!" परिणाम उलटा झाला. घाबरवलेलं मूल काडेपेटी सोडत नाही, ती घेऊन गोठ्यामागे जातं. तिथे कडबा असतो, कुटार असतं, आणि बघायला मोठं माणूस नसतं.

ऋग्वेदाचं पहिलं सूक्त अग्नीचं आहे. वेदांत त्याला घराचा धनी म्हटलं आहे, अतिथीही म्हटलं आहे. मला ही अतिथीची कल्पना फार कामाची वाटली. आपण पाहुण्याला बसायला जागा देतो, आणि पाहुणा घरात असताना त्याला एकट्याला सोडून बाहेर जात नाही. अग्नीचंही तसंच. त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. चूल, शेगडी, समई, होळीचा खड्डा. या जागेवरून तो उठलेला दिसला, की मोठ्या माणसाला हाक मारायची. आणि तो जागेवर असला तरी त्याला एकटं ठेवायचं नाही. लाइट गेल्यावर लावलेली मेणबत्ती खाटेजवळ ठेवून झोपी जायचं नाही, देवापुढचं निरांजन पडद्याखाली ठेवायचं नाही. अंगणात शेकोटी केली तर विस्तवावर पाणी घालून मगच घरात यायचं.

काडेपेटी सापडली की न उघडता मोठ्यांच्या हातात आणून द्यायची, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. आणून देणाऱ्याची सगळ्यांसमोर पाठ थोपटते. नऊ वर्षांत माझ्या हातात अशा बऱ्याच काडेपेट्या आल्या. एक तर शेजारच्या लग्नघरातून आली होती.

३. यशोदेचं दूध उतू गेलं, ती गोष्ट शेगडीपाशी सांगायची

भागवताच्या दशम स्कंधात यशोदा कृष्णाला पाजत बसलेली असते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं आणि त्याला खाली ठेवून ती धावते. चिडलेला कृष्ण मडकं फोडतो. मुलांना मडकं फुटलेलं आवडतं, मला धावणारी यशोदा दाखवायची असते. दूध चुलीवर असताना लक्ष चुलीकडे हवं, हे तिला ठाऊक होतं.

आपल्या शेगडीवर मात्र एक गोष्ट जास्तीची घडते. दूध उतू गेलं की ज्योत विझते, पण गॅस सुरूच राहतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर न जाता फरशीलगत पसरतो, म्हणजे जिथे आपली पोरं खेळत बसलेली असतात तिथेच.

म्हणून मुलांना तीनच गोष्टी सांगते. वास आला की बोल. बटण दाबू नको, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, कारण त्यातही ठिणगी पडते. आणि बाहेर अंगणात ये. पुढचं काम मोठ्यांचं. समई, उदबत्ती, चूल, जे पेटतं असेल ते शांत करायचं, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करायचा.

४. लाक्षागृहाची गोष्ट म्हणजे घरातून सुटकेचा पूर्ण धडा

आगीविषयी शिकवायला महाभारतातल्या या गोष्टीएवढी चांगली गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही. मी ती चार दिवस पुरवते.

पहिल्या दिवशी वास. वारणावतातल्या त्या सुंदर घरात पाऊल टाकताच युधिष्ठिराला तुपाचा आणि लाखेचा वास येतो. तो भीमाला लगेच सांगतो. आमची मुलं त्या दिवशी डोळे मिटून वास ओळखतात. जळका वास, रबराचा वास, रॉकेलचा वास.

दुसऱ्या दिवशी वाट. विदुराने निघतानाच गूढ भाषेत सुचवलेलं असतं, की बिळात राहणारा वणव्यात जळत नाही आणि हिंडणाऱ्याला वाटा ठाऊक होतात. मग विदुराचा माणूस येऊन घराच्या मधोमध भुयार खणतो. इथे मी मुलांना विचारते, "तुमच्या घराला भुयार कुठे आहे?" ती हसतात, मग शोधायला लागतात. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. आमच्याकडे पुढचं दार आणि मागचं दार असतं, पण रात्री मागच्या दाराला कुलूप, त्यापुढे गव्हाची कोठी, आणि किल्ली कुठे, तर एकट्या आजीला ठाऊक! माझ्याच घरी ही स्थिती होती. एका चिमुरडीने विचारलं तेव्हा मला ती किल्ली सापडायला बराच वेळ लागला. आता ती दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते आणि कोठी तिथून हलली आहे.

तिसऱ्या दिवशी सराव. पांडवांनी भुयार खणून घेतलं आणि विसरले असं नाही. ते जवळपास वर्षभर सावध राहिले, शिकारीच्या निमित्ताने दिवसा रस्ते पाहून ठेवले. आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेपासून दारापर्यंत पावलं मोजतो. धूर वर चढतो, खाली हवा जरा बरी असते, म्हणून मांजरीसारखं चार पायांवर रांगत जातो. सगळे कडुलिंबाखाली जमतात. तिथे मोजणी होते. बाहेर आलेलं मूल दप्तरासाठी, बाहुलीसाठी, कशासाठीही परत आत जात नाही.

चौथा दिवस सगळ्यांत अवघड. लाक्षागृह पेटलं त्या रात्री एक निषाद बाई आपल्या पाच मुलांसह जेवायला आलेली असते. ती सहाही माणसं तिथेच झोपतात आणि जळून मरतात. मी हा भाग गाळत असे. एका मुलीने तो टीव्हीवर पाहिला होता. तिने विचारलं, "बाई, त्या पाच पोरांना कोणी उठवलं नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी तिला खरं सांगितलं, "नाही बाळा, कुणीच उठवलं नाही. गोष्टीतली ही चूक आपल्या घरात होऊ द्यायची नाही." त्यातून दोन नियम निघाले. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला झोपण्याआधी मागचं दार आणि किल्ली दाखवायची. आणि कमी ऐकू येणाऱ्या आजीला, पाळण्यातल्या बाळाला कोण बाहेर काढणार, हे मोठ्यांनी आपसात आधीच ठरवून ठेवायचं. मुलाचं काम मोठ्याने "आग! आग!" ओरडत बाहेर पडण्याचं. कुणाला उचलायला जाण्याचं नाही.

५. घाबरलेलं मूल लपतं, म्हणून हाक कशी मारायची तेही ठरवायचं

लहान मूल आगीला घाबरलं की बहुधा पलंगाखाली नाहीतर कपाटात शिरतं. त्याला वाटतं, मला आग दिसली नाही तर आगीलाही मी दिसणार नाही. वर जर त्यानेच काडी ओढली असेल, तर माराच्या भीतीने ते हाकेला ओ देत नाही.

सद्धर्मपुंडरीक सूत्रात भगवान बुद्धांनी सांगितलेली एक कथा आहे. जुनं घर पेटलेलं, आत मुलं खेळण्यात रमलेली. बाप ओरडतो, पण त्यांना आग म्हणजे काय हेच माहीत नाही. मग तो म्हणतो, बाहेर तुमच्यासाठी बोकडांच्या, हरणांच्या, बैलांच्या गाड्या उभ्या आहेत. मुलं धावत बाहेर येतात.

मला त्या बापाचं शहाणपण फार मोलाचं वाटतं. "अरे देवा, मेलो" अशी आरोळी मुलाला जागच्या जागी गोठवते. "कडुलिंबाकडे पळ" ही हाक त्याच्या पायांना काम देते. आम्ही सरावाच्या वेळी झाडाखाली तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ठेवतो. जो येईल त्याने त्याची दोरी धरायची. आणि प्रत्येक आई-वडिलांना मी हात जोडून सांगते, मुलांना आजच शब्द द्या, की आग तुझ्या हातून लागली तरी मी रागावणार नाही, तू फक्त मला सांग. तो शब्द पाळा.

६. हनुमानाची शेपूट आणि आपल्या खोलीतला कापूस

वाल्मीकी रामायणात राक्षस हनुमानाच्या शेपटीला गुंडाळतात त्या जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या. वर तेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पोराला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो. एक खोली आढ्यापर्यंत भरलेली, आणि मुलांना त्या ढिगावर उड्या मारण्यासारखं दुसरं सुख नाही. तिथेच वायर लोंबकळते, तिथेच कुणीतरी विडी ओढत येतं.

कापसाची आग फसवी असते. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते, आतून धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग कापसाच्या खणात धुमसली, दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि स्फोटांनी गोदी उद्ध्वस्त झाली. विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. म्हणून १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आमच्या मुलांना ही तारीख बाबासाहेबांच्या जयंतीमुळे पाठच आहे. त्या दिवशी मी त्यांना या जवानांनाही नमस्कार करायला सांगते.

गोष्टीचा शेवट मी चुकवत नाही. लंका पेटवल्यावर हनुमान समुद्रात शेपूट विझवतो आणि त्याच्या काळजात धस्स होतं. सीतामाई तर जळली नसेल? रागाच्या भरात मी हे काय केलं? एवढा बलवान मारुती, पण लावलेली आग कुठवर जाईल हे त्यालाही सांगता आलं नाही.

अंगावरचा कपडा पेटला तर काय, हेही याच दिवशी शिकवते. पळायचं नाही, पळालं की वाऱ्याने आग भडकते. थांब, आडवा हो, तोंड हातांनी झाक, जमिनीवर लोळ. मुलं अंगणात लोळून मातीने माखतात. घरी गेल्यावर आया कपड्यांवरून बोलतात, ते मी ऐकून घेते.

७. अनलासुराचा दाह, दूर्वा आणि नळाचं पाणी

आमच्या कळंबला चिंतामणी आहे. मंदिर जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं, खाली कुंड. गौतम ऋषींच्या शापाने पीडलेला इंद्र इथे आला आणि इथल्या पाण्याने शुद्ध झाला, ही आमच्या गावची कथा. त्यामुळे गणपती आणि पाणी ही जोडी इथल्या मुलांच्या ओळखीची.

चतुर्थीला मी अनलासुराची गोष्ट सांगते. अनल म्हणजे अग्नी. त्या असुराला गणपतीने गिळलं आणि पोटात आगडोंब उसळला. इंद्राने कपाळी चंद्र दिला, विष्णूने कमळ दिलं, वरुणाने पाण्याचा वर्षाव केला, शंकराने पोटाला नाग बांधला. शेवटी ८८ हजार ऋषींनी प्रत्येकी २१ दूर्वा वाहिल्या, तेव्हा दाह शमला. मी मुलांना विचारते, सगळ्या देवांनी मिळून काय केलं? उत्तर येतं, "थंड केलं!" तेच आपण करायचं. दूर्वा बाप्पाला वाहायच्या, भाजलेल्या अंगावर फक्त पाणी घालायचं.

हे सांगताना माझा आवाज आजही भरून येतो. मी दहा वर्षांची असताना दिवाळीच्या पणतीने माझ्या धाकट्या बहिणीच्या फ्रॉकचा घेर पेटला. आईने चादर टाकून आग विझवली. मग वाड्यातल्या बाया धावून आल्या. एकीने हळद आणली, एकीने तूप, कुणी दौतीतली शाई ओतली. सगळी मायेची माणसं. पाण्याचा रांजण दारातच भरलेला होता. त्यातला एक तांब्या कुणाला सुचला नाही. दवाखान्यात तो सगळा थर खरवडून काढताना ती जी ओरडली, ते ओरडणं भाजण्यापेक्षा मोठं होतं. तिच्या मांडीवरचा डाग आजही आहे.

म्हणून सांगते. भाजलं की ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, पेस्ट नको, शाई नको. सूज येण्याआधी बांगडी, कडं काढून घ्या. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. मग स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाका. तान्हं बाळ असेल, चेहरा किंवा हाताचा पंजा भाजला असेल, किंवा जखम मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

८. शिकवलेलं सणाला बांधून ठेवायचं, म्हणजे विसरत नाही

एकदा सांगून मूल शिकत नाही, आणि मोठी माणसं तर मुळीच नाही. आपले सण दरवर्षी न चुकता येतात, त्यांच्याच खुंटीला मी हे बांधलं आहे. आषाढातल्या दीप अमावास्येला समया घासतो, त्याच दिवशी गॅसची नळी तपासतो. तिच्यावर छापलेली तारीख मुलं मोठ्याने वाचतात. पाच वर्षं उलटली असतील किंवा चिरा दिसल्या, तर नवी आणायची. दिवाळीआधी अंगाला नीट बसणारे सुती कपडे आणि पाण्याची बादली. होळीआधी सुटकेचा सराव. वर्षभर भिंतीवर मोठ्या अक्षरांत तीन आकडे. आग १०१, रुग्णवाहिका १०८, कुठलंही संकट ११२. फोनवर घाबरून नाव-पत्ता विसरतो, म्हणून मुलं आपल्या घराची खूण गाण्यासारखी पाठ करतात.

ज्याचं बोट पोळलं होतं तो मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. गेल्या होळीला माझा घसा बसला होता, म्हणून प्रल्हादाची गोष्ट मी त्यालाच सांगायला लावली. होलिकेपाशी येऊन तो थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "तिले वाटलं होतं, मले काहीच होत नाही." मग त्याने आपलं उजवं बोट वर करून पोरांना दाखवलं आणि गोष्ट पुरी केली.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. गोष्ट संपली तशी सगळी पोरं उठली आणि मागच्या दाराकडे धावली. किल्ली खिळ्यालाच होती.